अर्ज वर्ग करण्यात येत आहे

पुण्याहून रात्रीची सोलापूर एसटी पकडली की पहाटे साडेचारच्या सुमाराला कंडक्टर "मोहोळ, मोहोळ" करत दांडी वाजवतो. स्टँडवर एक चहा होतो, तेवढ्यात अण्णा मोटरसायकल घेऊन येतात. मग कुरूल, कामती करत भीमेकडे. आमचं गाव तालुक्याच्या पार दक्षिण टोकाला, बेगमपूरच्या आसपास. पलीकडच्या काठावर माचणूरचं सिद्धेश्वराचं देऊळ. लहानपणी मे महिन्यात आम्ही पोरं सकाळी नदीत उतरायचो ते आजी काठी घेऊन यायची तेव्हाच बाहेर निघायचो.

या मे महिन्यात गेलो तेव्हा गाडी नदीजवळ आली आणि मी नकळत नाकाला रुमाल लावला. अण्णांनी आरशात बघितलं.

"रुमाल कशाला लावतोस? तुमचंच आहे ते," म्हणाले.

मी हसलो. मला वाटलं, नेहमीचा पुणेकरांवरचा टोमणा.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर लोक शेती करतात, कीर्तनं ऐकतात. अण्णा अर्ज करतात. अक्षर अजून मोत्यासारखं. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी एक निळी प्लास्टिकची फाइल माझ्यासमोर ठेवली. "तू इंजिनिअर आहेस. हे वाचून सांग, कुणाकडं जायचं."

फाइलमध्ये दोन वर्षांचा पत्रव्यवहार होता. प्रश्न साधा. नदीला हिरवं, वासाचं पाणी येतं, काठाला शेवाळ साचतं, म्हशी तोंड लावत नाहीत. याला जबाबदार कोण? पहिल्या कार्यालयाने कळवलं होतं की आमचं काम पाणी सोडण्याचं, पाणी कसं आहे ते आमच्याकडे नाही. दुसऱ्याने कळवलं की आम्ही नमुने घेतो, पण सांडपाण्यावर प्रक्रिया करणं स्थानिक संस्थेचं काम. तिसऱ्याने कळवलं की आमच्या हद्दीतल्या प्रकल्पांचे प्रस्ताव वर पाठवले आहेत, निधी आला की बघू. चौथ्याने कळवलं की निधी देऊन झालेला आहे, अंमलबजावणी खालच्यांची. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या तळाशी एकच ओळ होती: आपला अर्ज माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम ६(३) नुसार पुढील कार्यवाहीसाठी अमुक यांच्याकडे वर्ग करण्यात येत आहे.

शेवटचं पत्र ज्या कार्यालयाकडे वर्ग झालं होतं, ते पहिलंच कार्यालय होतं!

आयटीमध्ये सहा वर्षं काढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटेल? मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडे याला पिंग-पाँग तिकीट म्हणतात. पेमेंट अडकतं. डेटाबेसवाले म्हणतात क्वेरी नीट चालतेय, नेटवर्कवाले म्हणतात पिंग होतंय, अॅप्लिकेशनवाले म्हणतात आमच्या मशीनवर चालतंय. तिकीट दिवसभर इकडून तिकडे असाइन होत राहतं. प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर हिरवा दिवा, फक्त ग्राहकाचे पैसे अडकलेले. आणि गंमत म्हणजे कुणीही खोटं बोलत नसतं.

अण्णांच्या फाइलमध्येही कुणी खोटं बोललेलं नव्हतं. मी दुपारभर मोबाइल घेऊन बसलो आणि हे तिकीट नक्की कुणाचं ते शोधायला लागलो.

आधी पाण्याचा रस्ता बघू. मुळा आणि पवना पिंपरी-चिंचवडचं पाणी घेऊन येतात, पुण्यात संगमावर मुठा मिळते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसला भीमेत जाते. भीमा दौंडवरून उजनीत. उजनीतून पंढरपूर आणि मग आमच्या काठाला. मोहोळ तालुक्याच्या उरलेल्या भागाचंही तसंच: उजनीचा डावा कालवा आमच्या तालुक्यातून जातो, आणि सीनेत भीमा-सीना बोगद्यातून जे पाणी येतं तेही उजनीचंच. म्हणजे मोहोळच्या माणसाने कुठल्याही बाजूला ओंजळ धरली तरी वर कुठेतरी पुणं आहे.

मधली उजनी ही आणखी एक भानगड. १९८० च्या सुमाराला पूर्ण झालेलं हे धरण, एकूण साठा साधारण ११७ टीएमसी. पण त्यातला निम्म्याहून जास्त, साधारण ६३ टीएमसी, मृतसाठा. म्हणून सोलापुरात "उजनी मायनसमध्ये गेली" असं म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती. मैलापाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आणि जलपर्णीला खतच. वर पाणी कमी, खाली साचलेलं खत, डोक्यावर सोलापूरचं ऊन. हिरवा रंग कुठून येतो हे समजायला पीएचडी लागत नाही.

आता मालक. राज्यघटनेत पाणी हा राज्याचा विषय, राज्य सूचीत १७ वी नोंद. पण आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे, केंद्र सूचीत ५६ वी नोंद. भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते, म्हणजे ती आंतरराज्य. प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, संसदेने केलेला. पण विषय राज्यांचा असल्यामुळे राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा कायदा होता, १९७० पासून मंडळही होतं. आपण केंद्राचा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. त्यानंतर १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना १२ वी अनुसूची दिली आणि स्वच्छता, सांडपाणी त्यांच्या यादीत गेलं. तीन मजली इमारत. पाण्याची टाकी वरच्याची, पाइप मधल्याचा, गटार खालच्याचं.

पैशाचा रस्ता तर आणखी लांब. पुण्याच्या मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जपानच्या जायका या संस्थेकडून कर्ज घेण्याचा करार केला. प्रकल्प ९९० कोटींचा, ८५ टक्के केंद्राचे, १५ टक्के महापालिकेचे. ११ नवी मलनिस्सारण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. पूर्ण व्हायची मुदत जानेवारी २०२२. आणि भूमिपूजन कधी झालं? ६ मार्च २०२२ ला. तोपर्यंत खर्च १,४७० कोटींवर गेला होता. आमच्याकडे गो-लाइव्हच्या तारखेनंतर किक-ऑफ मीटिंग ठेवली तर प्रोजेक्ट मॅनेजरला काय ऐकावं लागेल, कल्पना करा. पण इथे कुणाला ऐकवणार? टोकियोला? दिल्लीला? की पुण्याला?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सिस्टिमच अशी आहे, कोण काय करणार. मीही अण्णांना हेच म्हणालो. ते म्हणाले, "सिस्टिम म्हणजे कोण? नाव सांग."

मग लक्षात आलं की मी प्रश्न उलटा वाचत होतो. आमचा क्लायंट कधी विचारत नाही की चूक डेटाबेसवाल्या व्हेंडरची की नेटवर्कवाल्या. करार मुख्य कंपनीशी, दंड मुख्य कंपनीला. आतल्या आत तुम्ही कुणाच्या पगारातून कापता ते तुमचं तुम्ही बघा. आत कामं वाटून घ्यायला हरकत नाही. पण बाहेरच्या माणसासमोर जबाबदारी वाटता येत नाही.

आणि कायदाही हेच म्हणतो! घटनेच्या १२ व्या कलमात 'राज्य' या शब्दाचा अर्थ दिलाय: केंद्र सरकार आणि संसद, राज्य सरकारं आणि विधिमंडळं, आणि सगळ्या स्थानिक संस्था. मूलभूत हक्कांपुरतं बोलायचं तर हे सगळं मिळून एकच 'राज्य'. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात सांगितलं की जगण्याच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते. म्हणजे अण्णांचा करार या एका 'राज्या'शी आहे, चार कार्यालयांशी नाही.

देशादेशांमध्येही हाच नियम. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये राष्ट्रांच्या जबाबदारीचा मसुदा पूर्ण केला. त्याच्या चौथ्या कलमाचा अर्थ असा की संस्था केंद्राची असो नाहीतर प्रांताची, तिने केलेलं कृत्य हे देशाचंच कृत्य. "ते आमच्या राज्य सरकारने केलं" असं म्हणून दिल्लीला शेजारी देशासमोर हात वर करता येत नाहीत. मग शेजारी देशाला जे उत्तर देता येत नाही, ते मोहोळच्या शेतकऱ्याला कसं देता येतं?

"पैसे नाहीत" हेही उत्तर चालत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने उघड्या गटारांबद्दल तेच सांगितलं होतं. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ते ऐकून घेतलं नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या स्थानिक संस्थांना सांडपाणी प्रकल्पांसाठी तीन वर्षं दिली आणि सांगितलं की पैसे कमी पडत असतील तर वापरणाऱ्यांकडून वसूल करा, पण सबब सांगू नका. "आमचा वाटा छोटा आहे" हेही नाही. नेदरलँड्सचं सरकार कोर्टात म्हणत होतं की जगाच्या प्रदूषणात आम्ही कितीसे; डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उर्गेंडा खटल्यात सांगितलं, तुमचा जेवढा वाटा, तेवढं तरी तुम्ही करायलाच हवं.

मग अडतंय कुठे? मला वाटतं, दंडाच्या टप्प्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने महाराष्ट्र शासनाला सांडपाणी आणि घनकचऱ्यासाठी सुमारे १२ हजार कोटींची भरपाई ठोठावली. आकडा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पुढे वाचलं तर ही रक्कम राज्याने स्वतःच एका वेगळ्या खात्यात ठेवायची आणि मुख्य सचिवांच्या निर्देशांप्रमाणे खर्च करायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही स्थगिती दिली. लवादाचा हेतू वाईट नव्हता, पैसा दुरुस्तीवरच खर्च व्हावा हाच होता. पण सरकारने सरकारला दंड करायचा म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवायचे. आणि दोन्ही खिसे शेवटी अण्णांच्याच शर्टाचे. दंड राज्याला होतो, पण त्या दंडाच्या पावतीवर कुणाही अधिकाऱ्याचं, कुणाही नगरसेवकाचं नाव नसतं.

मला विचाराल तर एवढंच हवं आहे. प्रत्येक हद्दीवर एक जागा ठरवा. मुळा-मुठा भीमेला मिळते ती एक. उजनीचं पाणी सुटतं ती एक. भीमा कर्नाटकात शिरते ती एक. तिथल्या पाण्याचा आकडा रोज लावा, आणि त्या आकड्याखाली एका माणसाचं नाव लावा. किती प्रकल्प मंजूर झाले, किती निधी वितरित झाला हे नको. पाणी कसं आहे तेवढं सांगा. पाणी किती याचा हिशेब आपण अगदी चोख ठेवतो. १९७६ च्या बच्छावत निवाड्यात महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यातलं ५६० टीएमसी पाणी दिलंय, त्यातल्या एकेका टीएमसीसाठी आपण भांडतो. ते पाणी कोणत्या रंगाचं असेल याबद्दल तेवढ्या आवाजात कधी भांडलो का?

हे भीमा कर्नाटकात शिरते वगैरे मी मुद्दाम लिहिलं. कारण आम्हीही कुणाच्या तरी वरच आहोत. आमच्या तालुक्यातला ऊस, त्याला पोत्यांनी टाकलेला युरिया, साखर कारखाने, आणि सोलापूर शहर. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, जिथे शके ९४० मधला मराठी शिलालेख आहे, आणि तिथून पुढे पलीकडचा काठ कन्नड बोलतो. तिथल्या एखाद्या मास्तरकडेही एक निळी फाइल असेल. त्या फाइलमध्ये 'वरचे लोक' म्हणजे आम्ही.

संध्याकाळी हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. कलमं, साल, नेदरलँड्स. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. तुझ्या सोसायटीचं पाणी कुठं जातं?"

मला माहीत नव्हतं.

म्हणजे थोडंफार माहीत होतं. आमची सोसायटी मुळेच्या काठाजवळ. पावणेचारशे फ्लॅट, जिम, टेबल टेनिस. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण परवानगी लागते, आणि त्या परवानगीच्या अटींत स्वतःचा एसटीपी असतो. आमचाही आहे, बेसमेंटमध्ये, पार्किंगच्या मागे. पुण्याला परतल्यावर सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी पहिल्यांदा तिथे उतरलो. ब्लोअर बंद होता. तिथल्या ऑपरेटरने, विशीतला पोरगा, सांगितलं, "सर, दिवसातून दोन तास लावतो. बिल लई येतं म्हणून वरून सांगितलंय." हवा नसली की टाकीतले जिवाणू मरतात, आणि मैलापाणी आलं तसं पुढे जातं. एवढी बायॉलॉजी मलाही येते.

"वरून म्हणजे कुणी सांगितलं?"

"मीटिंगमध्ये ठरलं ना सर."

मग मला आठवलं. मागच्या वार्षिक सभेत मेंटेनन्स कमी करण्याचा ठराव आला होता. कॉमन वीज वाचवायची. लिफ्ट, गार्डनचे दिवे, 'इतर यंत्रणा'. मी मागच्या रांगेत मोबाइलवर मॅच बघत होतो. हात वर करा म्हणाले तेव्हा मी हात वर केला होता. फ्लॅटमागे महिन्याला जेवढे वाचले तेवढ्यात एक पिझ्झा येत नाही.

मी सेक्रेटरींकडे गेलो. भला माणूस. म्हणाले, एसटीपीचं डिझाइनच बिल्डरने नीट केलेलं नाही, त्याला विचारा. बिल्डरच्या ऑफिसने सांगितलं, आम्ही हँडओव्हर केलंय, आता सोसायटीचं. मेंटेनन्स एजन्सी म्हणाली, आम्ही सांगितलं तेवढे तास चालवतो. शेजारचे एक काका म्हणाले, "अरे, पुढे महापालिकेची लाइन आहे ना, तिथे होतंच की ट्रीट." चार उत्तरं. कुणीच खोटं बोलत नव्हतं. निळी फाइल आता माझ्याकडेही तयार व्हायला लागली होती, फक्त यात 'खालची संस्था' मी होतो.

जूनमध्ये मी विशेष सभा मागितली. नदीचा नकाशा प्रोजेक्टरवर दाखवला, आमचं पाणी कुठून कुठे जातं ते सांगितलं. माचणूरच्या घाटाचा फोटो दाखवला. लोकांनी ऐकलं, काहींना खरंच वाईट वाटलं. तासभर चर्चा झाली. मग ठराव झाला: एसटीपीचा अभ्यास करण्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमण्यात येत आहे. समन्वयक म्हणून माझं नाव.

मी खुशीत रात्री अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे अर्ज वर्ग केला म्हण की," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. मग त्यांनीच विचारलं, पुढच्या महिन्यात येणार आहेस का, तुझी आई शेंगाची चटणी करून ठेवतीय.

तेव्हापासून रोज ऑफिसला जाताना मी आधी बेसमेंटमध्ये उतरतो. भिंतीवर एक कागद चिकटवलाय: तारीख, ब्लोअर किती तास चालला, विजेच्या मीटरचं रीडिंग, आणि शेवटच्या रकान्यात जबाबदार व्यक्ती. तिथे सध्या माझं नाव लिहितो. काल ब्लोअर पाच तास चालला. चोवीस व्हायला हवेत.